मंद झालेला अँड्रॉइड टीव्ही दुसऱ्याला देण्यापूर्वी फॅक्टरी रीसेट

प्रश्न

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी घेतलेला ४३ इंची अँड्रॉइड टीव्ही आहे. अलीकडे तो फारच मंद झाला असून रिमोटचे बटण दाबल्यावर मेनू हलायलाही वेळ लागतो आणि कोणतेही ॲप अपडेट करू गेले की जागा शिल्लक नसल्याचा संदेश येतो. दिवाळीत नवा टीव्ही आल्यावर हा साताऱ्याला मावशीकडे देण्याचा विचार आहे. फॅक्टरी रीसेट केल्यास त्याचा वेग पूर्ववत होईल का आणि आमची खाती त्यातून पूर्णपणे निघतील का? शिवाय सेट-टॉप बॉक्सची वाहिन्यांची यादी पुसली जाईल का, अशी आईची शंका आहे.

प्रतिसाद १

आईंना निर्धास्त राहायला सांगा. वाहिन्यांची यादी बॉक्समध्येच असते, त्यामुळे रीसेटनंतर फक्त योग्य एचडीएमआय इनपुट निवडावा लागेल.

वेगाबद्दल मात्र फार आशा ठेवू नये. अशा बऱ्याच टीव्हींची अंतर्गत साठवण जेमतेम ८ जीबी असते आणि तिचा मोठा भाग प्रणालीच व्यापते. रीसेटने ॲप, त्यांची साठलेली कॅशे आणि आपण बदललेली सेटिंग पुसली जातात, त्यामुळे जागा नक्की मोकळी होईल. परंतु मधल्या काळात आलेली सिस्टिम अपडेट तशीच राहतात, म्हणजे जुन्या प्रोसेसरवर नव्या प्रणालीचा भार कायम राहतो. टीव्ही घरीच ठेवायचा असता, तर आधी मोठ्या ॲपची कॅशे साफ करून न लागणारी ॲप काढून टाका, एवढेच मी सुचवले असते.

प्रतिसाद २

टीव्ही दुसऱ्याकडे जाणार असल्याने रीसेट करावाच, मात्र तो आता न करता टीव्ही खोक्यात भरण्याच्या दिवशी करावा. सेटिंगमधील ‘सिस्टिम’ किंवा ‘डिव्हाइस प्रेफरन्सेस’मध्ये, बहुधा ‘अबाउट’खाली, रीसेटचा पर्याय सापडतो, कंपनीगणिक नावे थोडी बदलतात. प्रक्रिया चालू असताना वीज जाता कामा नये, तेव्हा आपल्या भागात वीज जाण्याचा वार ठरलेला असेल तर तो दिवस टाळा.

टीव्ही पुन्हा सुरू होऊन भाषा विचारू लागला की तिथेच बंद करा. पुढचे टप्पे स्वतःच्या खात्याने पूर्ण केलेत, तर पुसलेली माहिती पुन्हा तिथेच येऊन बसेल. मावशींनी खाते जोडण्याचा टप्पा वगळला तरी सेट-टॉप बॉक्स व्यवस्थित चालेल. ‘होम’ की ‘स्टोअर’ असे विचारल्यास ‘होम’ निवडायला त्यांना सांगून ठेवा, अन्यथा दुकानातल्यासारखा भडक पडदा आणि जाहिराती पाहत बसावे लागेल.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांत एक बाब राहिली. रीसेटने टीव्हीवरील खाते निघते, पण गूगल खात्याच्या उपकरणांच्या यादीत त्या टीव्हीचे नाव दिसत राहू शकते. मोबाइलवरून खात्याचा सुरक्षा विभाग उघडून ते काढून टाकावे. ओटीटी सेवांमध्येही संकेतस्थळावरून त्या उपकरणाला साइन आउट करता येते.

टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून तो ‘अंतर्गत साठवण’ म्हणून जोडला असेल, तर अधिक काळजी घ्यावी. तशा ड्राइव्हवरील माहिती कूटबद्ध असते आणि तिची किल्ली टीव्हीतच राहते, त्यामुळे रीसेटनंतर त्यातले काहीही वाचता येणार नाही. घरचे फोटो त्यात असतील, तर आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पेन ड्राइव्ह तसाच जोडलेला आहे, फोटो आजच लॅपटॉपवर घेतो. समजा त्या दिवशी मेनूच उघडला नाही, तर दुसरा मार्ग आहे का?

प्रतिसाद २

आहे. अनेक मॉडेलमध्ये प्लग काढून, टीव्हीवरचे पॉवर बटण दाबून धरून प्लग पुन्हा लावला की रिकव्हरी मेनू येतो किंवा थेट रीसेट सुरू होतो. काही मॉडेलमध्ये त्याबरोबर आवाज कमी करण्याचे बटणही दाबावे लागते, म्हणून टीव्हीसोबतची पुस्तिका आधी पाहून ठेवा. ब्लूटूथचा रिमोट मात्र रीसेटनंतर पुन्हा पेअर करावा लागतो, तेव्हा त्यात नवे सेल घालूनच तो साताऱ्याला पाठवा.