पार्कची सहल: रविवारऐवजी शनिवार चालेल का?

प्रेषक: उज्ज्वला (किलेलेश्वा)

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या रविवारच्या नैरोबी नॅशनल पार्कच्या सहलीसाठी आमच्या घरची नावं मी दिलीच आहेत. आणखी दोन जागा मिळतील का, आणि त्यासाठी दिवस बदलता येईल का, हे विचारायचंय. दुसरा प्रश्न वाचून सचिव कपाळाला हात लावतील, पण आधी ऐका.

आमच्या वरच्या मजल्यावर युटाहून आलेलं एक जोडपं राहतं. दोघंही सत्तरीला टेकलेले. छातीवर काळी नावाची पट्टी, ते ‘एल्डर’ आणि त्या ‘सिस्टर’. आपण सगळे ज्याला मॉर्मन चर्च म्हणतो, तिथले हे ज्येष्ठ मिशनरी. (मॉर्मन हे नाव त्यांना आता नको असतं, चर्चचं पूर्ण नाव घ्यावं म्हणतात. पण ते एका दमात घेणं मला अजून जमलेलं नाही.) दीड वर्षासाठी आलेत, तेही पदरमोड करून. भाडं, किराणा, सगळं निवृत्तीच्या पैशातून.

आजोबांचं काम म्हणजे निव्वळ हमाली आहे. यांच्या चर्चची विशी-बाविशीतली मिशनरी पोरं शहरभर भाड्याच्या घरांत दोघादोघांनी राहतात. ती घरं शोधणं, घरमालकाशी घासाघीस, नळ गळतोय, मच्छरदाणी फाटलीय, फ्रिज बसलाय, हे सगळं यांच्याकडे. रोज सकाळी गाडीच्या टपावर गाद्या बांधताना दिसतात, खालून आपला आस्कारी, म्हणजे पहारेकरी, दोरी ओढतो. सिस्टर ऑफिसात बसून पोरांच्या परवान्यांचे कागद बघतात आणि अधूनमधून घरांच्या तपासणीला जातात. शेगडीच्या खाली बोट फिरवून बघतात म्हणे! बोट स्वच्छ निघालं तर पोरांना केळ्याचा केक, काळं निघालं तर केक गाडीतच राहतो.

दोघांना प्राणी बघण्याचा भारी नाद. पण सुट्टी मिळते ती शनिवारी. रविवार पूर्ण चर्चचा, त्या दिवशी ते सहलीला जात नाहीत की बाहेर खरेदी करत नाहीत. सिस्टरना हत्ती बघायचाय. वर्ष होत आलं केनियात, आणि हत्ती अजून पाहिला नाही.

म्हणून विचारलं.

उज्ज्वला


प्रेषक: अण्णा (पार्कलँड्स)

उज्ज्वला,

तुझ्या शेजाऱ्यांबद्दल आदर आहे. केकबद्दल तर विशेष आहे. पण दोन गोष्टी स्पष्ट बोलतो.

एक. शनिवारी माझं दुकान उघडं असतं, आणि या ईमेल यादीवर माझ्यासारखे बरेच आहेत. पाहुण्यांसाठी यजमानांनी गल्ला बंद करायचा का?

दोन. मिशनरी म्हणजे शेवटी मिशनरी. गाडीत बसलेला माणूस उठून जाऊ शकत नाही, आणि पार्कात तर दरवाजा उघडायचीही सोय नाही, बाहेर सिंह. अशा जागी कुणी पुस्तक काढलं तर काय करायचं? मंडळाच्या कार्यक्रमात धर्मप्रचार नको, ही आपली पहिल्यापासूनची रीत आहे.

आणि खरं सांगू का, सेवेला म्हणून यायचं आणि घरच्यांना जिराफासोबतचे फोटो पाठवायचे, हे मला नीटसं पटत नाही.

अण्णा


प्रेषक: माई (सध्या मिरज)

अण्णा आणि सगळ्यांना आशीर्वाद.

नैरोबी सुटली तरी यादी सोडली नाही, म्हणून बोलते. माझी दोन्ही बाळंतपणं इथे वानलेसमध्ये झाली. मिशनचं हॉस्पिटल, भिंतीवर वचनं, सकाळी प्रार्थना. आमच्या सासूबाई खाटेशेजारी बसून खुशाल हरिपाठ म्हणायच्या, कुणी हटकलं नाही. प्रचार नव्हता असं नाही. होता, आणि ज्याला जायचं तो गेला. पण तिथल्या डॉक्टरांनी पायाला हात लावून तपासलेला माणूस आमच्या गल्लीत अजून त्यांचं नाव काढतो.

फोटोचं म्हणशील तर तू स्वतः ॲम्बोसेलीला किलिमांजारोसमोर उभा राहून काढलेला फोटो तुझ्या दुकानात गल्ल्यामागे टांगलेला आहे. मी काही बोलले का?

आपल्याकडची म्हातारी माणसं लेकाकडे सहा महिने येतात, मालिका बघतात आणि लाइट गेली की ‘आता काय करायचं’ म्हणून बसून राहतात. मीही तेच केलं. त्या बाईंना गाद्या बांधणारा नवरा आणि तपासायला शेगड्या आहेत, मला जरा हेवाच वाटला.

पार्कात हत्ती नाहीत हे उज्ज्वलाला कुणीतरी सांगा.

माई


प्रेषक: मिलिंद (लँगाटा)

माईंचं बरोबर आहे. नैरोबी पार्कात हत्ती नाही. सिंह, बिबट्या, रानम्हैस, काळा आणि पांढरा असे दोन्ही गेंडे, पाणघोडे, सगळं आहे. १९४६ साली झालेलं हे देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, आणि जागा अवघी ११७ चौरस किलोमीटर. तीन बाजूंना कुंपण, फक्त दक्षिणेची बाजू किटेंगेलाच्या माळरानाकडे मोकळी. पाऊस झाला की झेब्रे आणि विल्डबीस्ट तिकडे बाहेर पांगतात, कोरड पडली की धरणांच्या पाण्यासाठी आत येतात. त्यामुळे आपण कोरड्या दिवसांत जातोय ते उत्तम. गवतही आखूड असतं, सिंह झोपलेला असला तरी कान दिसतात.

हत्ती बघायचे तर शेल्ड्रिक ट्रस्टचं हत्तींच्या पिल्लांचं अनाथालय, तेही पार्कच्याच हद्दीत, पण जायचं मगाडी रोडच्या बाजूने. लोकांसाठी सकाळी ११ ते १२ एवढा एकच तास उघडतं, आणि आधी बुकिंग लागतं. हिरव्या डगल्यातले राखणदार पुढे आणि पिल्लं मागे रांगेत पळत येतात, अंगावर घोंगडी टाकलेली. दुधाची भलीमोठी बाटली मिनिटाभरात रिकामी. काहीजण बाटली स्वतःच सोंडेत धरतात आणि संपली की राखणदाराच्या डगल्याला हिसके देतात. मग लाल चिखलात लोळण. दोरीला चिकटून उभं राहिलात तर पांढऱ्या शर्टाचं काही खरं नाही, एल्डरना आधीच सांगा.

कोकणातल्या मंडळींसाठी एक गंमत. अगदी तान्ह्या पिल्लांना गाईचं दूध पचत नाही आणि ती दगावतात. ट्रस्टच्या संस्थापिका डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी कितीतरी वर्षं निरनिराळी मिश्रणं करून पाहिली, आणि शेवटी जमलं ते माणसाच्या बाळाच्या दूधपावडरीत खोबरेल घालून. राखणदार रात्री पिल्लांच्या गोठ्यातच झोपतात, कारण एकटं पडलेलं पिल्लू खाणंपिणं सोडतं. तीनेक वर्षांची झाली की त्यांना त्सावोच्या मोठ्या रानात हलवतात, तिथे हळूहळू रानातल्या कळपांत मिसळतात.

या ज्येष्ठ मिशनऱ्यांबद्दल थोडं, कारण शनिवारी करुरा जंगलात मला त्यांच्यातली मंडळी हमखास भेटतात. मी दुर्बीण घेऊन मान वर करून चालतो, ते काठ्या घेऊन खाली बघत. धबधब्यापर्यंत जाऊन परत. साईक्स माकडं तिथे सँडविच हातातून नेतात, पण हसत उभे राहतात बिचारे. मिशनची हद्द ओलांडायची तर त्यांना परवानगी लागते, म्हणून पुष्कळ जोडपी मसाई मारासारख्या लांबच्या सफारी मुदत संपेपर्यंत राखून ठेवतात. मुलं-नातवंडं न्यायला आली की मग सगळे मिळून जातात. तोवर नैरोबी पार्क, करुरा आणि जिराफ सेंटर. अण्णांना जिराफासोबतचे फोटो का दिसतात त्याचं कारण एवढंच, की जिराफ सेंटर शहरातच आहे.

आणि पार्कात हस्तिदंत जाळलं ती जागा दाखवायलाच हवी. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोईंनी १९८९ मध्ये १२ टन पेटवलं आणि ३० एप्रिल २०१६ ला राष्ट्राध्यक्ष उहुरू केन्याटांनी १०५ टन. राखेचे ढीग अजून तसेच आहेत. आपण नेहमी तिथे डबे उघडतो आणि पाटी न वाचता निघतो, हे बरं नाही.

मिलिंद


प्रेषक: उज्ज्वला (किलेलेश्वा)

अण्णा,

तुमचा दुसरा मुद्दा मी सरळ सिस्टरनाच विचारला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आम्ही प्रचारासाठीच आलोय हे लपवणार कसं, नाव छातीवर लावून फिरतो. पण दारोदार जातात ती पोरं, आम्ही त्यांची पाठराखण करतो. तुमच्या गाडीत तुम्ही विचारलंत तर सांगू, नाहीतर खिडकीबाहेर बघू. मला हे पुरेसं वाटलं.

बाकी त्यांचे दिवस काही फोटोत दिसतात तसे नाहीत. आल्याआल्या महिनाभर एल्डरनी गाडी चालवली ती जीव मुठीत धरून. आपल्याला डावीकडून चालवायची सवय, त्यांना उलटी. वळायचं असलं की इंडिकेटरऐवजी वायपर सुरू व्हायचा आणि मागचा मटाटूवाला (मिनीबसवाला) हॉर्नने शिव्या द्यायचा. वेस्टलँड्सचा चौक टाळण्यासाठी ते कुठून कुठून फिरून जायचे. आता मटाटूच्याच नाकासमोर गाडी घालतात.

भाजी आणली की सिस्टर आधी ती सगळी ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवतात, मग धुतात, मग पुसतात. खालच्या मामा म्बोगाला, म्हणजे भाजीवालीला, वाटतं अमेरिकेत भाजी कपड्यांबरोबरच धुतात.

नातवंडांशी बोलायची वेळ रात्री आठची, तेव्हा तिकडे सकाळ असते. नेमकी तेव्हाच लाइट जाते. परवा नातीचं बारसं म्हणू या, चर्चमध्ये बाळाला नाव देऊन आशीर्वाद देतात तो विधी, ते फोनवर बघत होते आणि वायफाय गेलं. सिस्टर धावत आमच्याकडे आल्या. आमच्या इन्व्हर्टरवर अर्धा विधी झाला, आमचे हे मधेच कॅमेऱ्यात येऊन सगळ्यांना नमस्कार करून गेले.

आणखी एक, म्हणजे स्वयंपाकघराने लक्षात ठेवायला. चहा नाही, कॉफी नाही. केनियात राहून! गवती चहा, आलं आणि दूध उकळून दिलं की मिटक्या मारत पितात, पत्ती तेवढी घालायची नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघं दोन वेळचं जेवण सोडतात, पाणीसुद्धा नाही, आणि त्या जेवणाचे पैसे गरजूंसाठी देतात. माझी चतुर्थी कळल्यावर सिस्टरनी विचारलं, उपास आहे तर ही खिचडी कशी? मी म्हटलं, ती उपासाची आहे. त्यांनी परत ताटाकडे बघितलं. अण्णा, याचं उत्तर तुम्ही गाडीत द्या.

उज्ज्वला


प्रेषक: अण्णा (पार्कलँड्स)

बरं. पुतण्या शनिवारी दुपारपर्यंत गल्ल्यावर बसतो म्हणालाय. मी येतो. खिडकीजवळची जागा माझी, आणि वायपरवाल्या गृहस्थांना माझ्या शेजारी बसवा. युटात जमिनीला काय भाव चाललाय ते विचारायचंय.

माई, तो फोटो खाली उतरवणार नाही.

ताकभात आणि बटाट्याची भाजी माझ्याकडून. मिरची बेताची टाकायला सांगतो.

अण्णा


प्रेषक: सचिव

सर्व सभासदांना,

यादीवरची चर्चा वाचून समितीने असं ठरवलं आहे. मोठी बस ठरल्याप्रमाणे रविवारीच जाईल, कारण बहुसंख्यांची सोय तीच आहे. शनिवारी एक वेगळी छोटी व्हॅन. त्यात उज्ज्वलाचं कुटुंब, तिचे दोन पाहुणे, अण्णा आणि मिलिंद. अजून थोड्या जागा आहेत, ज्यांना हव्यात त्यांनी उज्ज्वलाला कळवावं.

व्हॅन किलेलेश्वाहून पहाटे साडेपाचला निघेल. पार्कचं गेट ६ ला उघडतं, आणि सिंह बघायचे तर ऊन चढायच्या आत. पाणघोड्यांच्या डोहापाशी रेंजरबरोबर पायी फिरता येतं, तिथे उतरायचंय, तेव्हा चपला नकोत, बूट घाला. दहाला पार्कातून बाहेर, कारण मगाडी रोडला वाहतूक असते आणि हत्ती कुणासाठी थांबत नाहीत. ११ चं शेल्ड्रिकचं बुकिंग मिलिंदने केलं आहे. जेवण त्यानंतर. हस्तिदंताच्या जागेवर पाटी वाचायला थांबायचं आहे, पण वानरं असल्यामुळे तिथे डबे उघडू नयेत.

प्लास्टिकची पाण्याची बाटली, पिशवी, थर्माकोलचे पेले, काहीही आणू नका. ५ जून २०२० पासून उद्यानांत एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकला बंदी आहे. स्टीलचे डबे आणि तांबे आणा. चहाचे दोन थर्मास असतील. लाल झाकणाचा नेहमीचा, निळ्या झाकणाचा पत्तीशिवायचा. कृपया अदलाबदल करू नये.

प्रवेशाचे पैसे गेटवर रोख घेत नाहीत, सरकारच्या ई-सिटिझन साइटवरून आधी भरायचे आहेत. ते काम खजिनदार करतील, तुमचा वाटा त्यांना गुरुवारपर्यंत मोबाइलवरून एम-पेसाने पाठवा. निवासी दर हवा असेल तर ओळखपत्र किंवा एलियन कार्ड (परदेशी रहिवाशांचं ओळखपत्र) जवळ ठेवा. पाहुण्यांची कार्डं आलेली आहेत, असं उज्ज्वलाने कळवलंय. ज्यांचं कार्ड घरी विसरेल त्यांना अनिवासी दराने भरावं लागेल, आणि फरक मंडळ देणार नाही. गेल्या वेळी कोण विसरलं होतं ते पार्कलँड्समधल्या सभासदांना ठाऊक आहे.

सचिव