20 वेळा नाणे उडवून 10 छापे येत नाहीत, मुलांना काय सांगावे?

प्रश्न (खानापूर तालुका, मराठी माध्यम, आठवी)
वर्गात 40 मुले. प्रत्येकाने 20 वेळा नाणे उडवले. कुणाला 13 छापे, कुणाला 6. "मग छाप्याची संभाव्यता 1/2 कसं काय?" असं मुलं विचारतात. प्रायोगिक (प्रत्यक्ष टाकून मिळालेली) आणि सैद्धांतिक (हिशेबाने काढलेली) संभाव्यता एका तासात नीट कशी दाखवायची?

निपाणी_गणित
ते आकडे खोडू नका, बरोबर आहेत. 20 फेकींत 6 किंवा कमी, नाहीतर 14 किंवा जास्त छापे पडण्याची संभाव्यता साधारण 11.5 टक्के. म्हणजे 40 मुलांत सरासरी चार-पाच जणांकडे असा आकडा निघतो.

फळ्यावर तीन रकाने आखा: एकूण फेकी, एकूण छापे, गुणोत्तर (छापे भागिले फेकी). पहिल्याच्या 20 फेकी, त्यात दुसऱ्याच्या मिळवून 40, असं 800 पर्यंत न्या. गुणोत्तर आधी बरंच वरखाली होतं, मग 0.5 च्या आसपास स्थिरावतं. 800 फेकींना बहुधा 372 ते 428 छापे मिळतील.

फेकी किती ते आधीच ठरवा. "10 आले, बस्स" म्हणून मूल मध्येच थांबलं तर ती नोंद निकामी. नाणं बाकावर गरगरवू देऊ नका, उडवून झेलायला लावा.

शहापूरचा_फळा
"शेवटी बरोबरी होते" हे वाक्य मात्र वर्गात नको. अठराव्या शतकातल्या ब्यूफाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या प्रयोगात नाणं 4040 वेळा उडवलं गेलं, 2048 छापे आले. निम्म्यापेक्षा 28 जास्त! तुमच्या 13 छाप्यांच्या मुलाचे फक्त 3 जास्त. फरक वाढला, तरी गुणोत्तर 0.65 वरून 0.507 वर आलं. सलग पाच छापे पडले म्हणून सहाव्याला काट्याची पाळी येत नाही, नाण्याला मागचं आठवत नाही.

चौकाबारा
नाण्यावरच थांबू नका, चिंचोके घ्या की. एक बाजू फरशीवर पांढरी होईपर्यंत घासायची. आता "बाजू दोन, म्हणून 1/2" हे चालत नाही, कारण घासलेली बाजू सपाट, दुसरी फुगीर. दोन्ही समसंभाव्य (वर येण्याची शक्यता सारखीच) आहेत असं धरायला आधारच नाही. एकच चिंचोका 100 वेळा टाका. पांढरी बाजू 43 वेळा वर आली तर प्रायोगिक संभाव्यता 0.43. दुसऱ्या चिंचोक्याची वेगळी येईल, प्रायोगिक संभाव्यता कशाला लागते ते इथं कळतं.

प्रश्नकर्ता
दोन नाण्यांना मुलं "दोन छापे, दोन काटे, एकेक" असे तीन प्रकार धरून 1/3 लिहितात. त्याचं काय?

निपाणी_गणित
एक रुपयाचं आणि दोन रुपयांचं अशी वेगळी नाणी द्या. रुपयाला छापा-दोनाला काटा आणि रुपयाला काटा-दोनाला छापा हे दोन प्रकार डोळ्यांना वेगळे दिसतात. एकूण चार, म्हणून "एकेक"ची संभाव्यता 2/4. तरी पटलं नाही तर 100 वेळा टाकायला लावा. 33 च्या जवळ की 50 च्या, ते मुलंच सांगतील.