मदत हवी आहे : ११ वर्षं उभा असलेला एकसिलेंडर आयशर ट्रॅक्टर, इंजिन जाम आहे, टोचन (दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून सुरू) करू का?

संत्रावाला_वरुड :
नमस्कार मंडळी, पोस्ट लांब होणार आहे, आधीच सांगून ठेवतो. गाव वरुड तालुक्यात, साडेचार एकर संत्रा आणि थोडी पऱ्हाटी-तूर. बाबांनी १९९३ ला पांढुर्ण्याकडून सेकंडहँड आयशर आणला होता, एकसिलेंडर, एअरकूल, २५ एचपी, बोनेटवर २४१ असं पुसट दिसते अजून. ज्यांनी ऐकला असेल त्यांना आवाज आठवत असेल, बाबा फाट्यावर वळले की इकडे आई चहा ठेवायची, फोन करायची गरजच नव्हती. बाबा गेले त्या वर्षी कोठ्यात लावला तो लावलाच. मी तेव्हा पुण्यात कंपनीत होतो, दर सुट्टीत म्हणायचो एकदा चालू करून ठेवू, आणि ११ वर्षं गेली. मशीनचा काही दोष नाही, आमचाच आळस.

आता परत गावी आलोय, बैलजोडी नाही, आणि बागेत झाडं १८ बाय १८ फुटांवर, पसरलेली, भाड्याचा मोठा ट्रॅक्टर आत घातला की फांद्या मोडते आणि आंबिया बहाराची फळं झडते ते वेगळंच. हा बुटका आहे, झाडाखालून निघून जायचा. म्हणून वाटते की हाच उभा करावा, नवीन मिनी घ्यायची सध्या ऐपत नाही.

परिस्थिती अशी आहे. नवीन बॅटरी लावून सेल्फ मारला तर नुसतं टक् होते आणि लाइट मंद होतो. पुढच्या पुलीच्या नटला मोठा पाना लावून मी आणि चुलतभाऊ दोघं लटकलो, इंजिन तसूभर हलत नाही. टाकीत डिझेल म्हणून जे काही आहे ते काकवीसारखं झालंय, वायरिंग उंदरांनी खाल्लं, मागचे १२.४-२८ चे टायर भेगाळले पण हवा धरून राहिले. एका मिस्त्रीला दाखवलं तर तो म्हणे उद्या मोठा ट्रॅक्टर लावून टोचन करू, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की सुटते, नाही सुटलं तर भंगारवाला माझ्या ओळखीचा आहे. उद्या सकाळी ८ ला तो येऊन राहिला. करू का टोचन? लवकर सांगा कोणीतरी.

हिरवा_वखर :
इकून टाका भाऊ. जुन्या मशीनवर पैसा म्हणजे चाळणीत पाणी. अनुभवाचे बोल.

नोझलवाला_काटोल :
दादा टोचन अजिबात करू नका. आधी त्या मिस्त्रीला फोन करून उद्याचं कॅन्सल करा, मग पुढचं वाचा.

सायलेन्सर वर उभा आहे ना? त्याच्या तोंडावर झाकण किंवा डबा होता का ११ वर्षं? कोठ्याचं छत गळते का? हे आधी सांगा. एक्झॉस्ट वॉल्व उघडा असताना इंजिन थांबलेलं असेल तर पावसाचं पाणी सायलेन्सरमधून सरळ सिलेंडरमध्ये उतरते. मग दोनच गोष्टी, एकतर पिस्टन-रिंगा गंजून सिलेंडरला धरल्या किंवा पिस्टनवर अजूनही पाणी उभं आहे. अशात मागून दोन-अडीच टनाचा धक्का दिला तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकते. आत्ता जो खर्च रिंगांपुरता आहे तो क्रँकपर्यंत जाईल.

संत्रावाला_वरुड :
कॅन्सल केलं, तो चिडला थोडा. डालड्याचा डबा उलटा घातला होता बाबांनीच, पण मध्ये एका वादळात कोठ्याची दोन टिनं उडाली होती तेव्हा डबाही गेला असावा, आता नाहीये. आई म्हणते दोन पावसाळे टिनं नव्हती.

पाटाखाली_उंदीर :
अरे बापा दोन पावसाये!! मंग तं आत विहीर झाली असंन 😄 घाबरू नका भाऊ, आमच्या मामाचा असाच होता पुसदले, निंघाला. पण घाई करू नका, आणि त्या मिस्त्रीले हात लावू देऊ नका. काहून की ज्याले फक्त टोचन येते त्याले मशीन येत नाही.

नोझलवाला_काटोल :
आता नीट सांगतो, घाई करायची नाही, आठवडा लागला तरी चालते.

पहिले नोझल (सिलेंडरमध्ये डिझेल फवारते ते) काढा. काढायच्या आधी तिथला सगळा कचरा ब्रशने साफ करा नाहीतर आतच पडते. खालचा तांब्याचा वायसर जपून काढा, परत लावताना मात्र नवीनच लावायचा, जुना पुन्हा लावला की कॉम्प्रेशन तिथूनच फुसफुसते. मग नोझलच्या भोकातून अर्धं डिझेल अर्धं पॉवर स्टेअरिंगचं लाल तेल (एटीएफ) असं पाव लिटर ओता आणि झोपा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं. रोज सकाळ-संध्याकाळ पुलीला पाना लावून पुढे थोडं, मागे थोडं, अशी नुसती चाल करत राहायची, लटकायचं नाही, पाइप घालून तर नाहीच. ज्या दिवशी केसाएवढं हललं त्या दिवशी समजा जिंकलं.

फिरायला लागलं की नोझल बाहेर ठेवूनच हाताने पूर्ण दोन चक्कर फिरवा, भोकासमोर तोंड ठेवू नका, आतलं सगळं पिचकारीसारखं बाहेर येते. मग वरचं टॅपेट कव्हर काढून बघा की दोन्ही वॉल्व वर-खाली होतात का. एक्झॉस्टचा वॉल्व गाइडमध्ये गंजून अडकलेला असला तर त्याला ढकलणारा पुश रॉड वाकतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही जे वरून ओतलं ते रिंगांमधून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरलेलं असते, म्हणून सुरू करायच्या आधी इंजिन ऑइल पूर्ण बदला. लेव्हल जास्त झालेल्या ऑइलवर सुरू केलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटते.

मडगार्ड_५९ :
थोडं विषयांतर. आयशर ही साधी गाडी नाही भाऊ, १९५९ च्या एप्रिलमध्ये फरीदाबादच्या कारखान्यातून पहिला निघाला, जर्मन आयशरच्या सहकार्याने, भारतात बनलेल्या ट्रॅक्टरांची सुरुवातच तिथून धरतात. २००५ मध्ये आयशरचा ट्रॅक्टर धंदा टॅफे या दुसऱ्या ट्रॅक्टर कंपनीकडे गेला पण एकसिलेंडर एअरकूल २४२ नंतरही निघत राहिला, त्यामुळे पार्टचं बाकी जुन्या कंपन्यांइतकं रडगाणं नाही. एचएमटीवाल्यांना विचारा, सरकारी कंपनी ती, २०१६ मध्ये सरकारने तिचा ट्रॅक्टरचा विभागच बंद करायचं ठरवलं. फक्त पार्ट आणायला जाताना जुना पार्ट हातात घेऊन जा, दुकानदाराला तोंडी सांगून आणलेला पार्ट बसत नाही हा माझा नियम.

रंगाचा विचार करत असाल तर आत्ताच घासू नका. खरा रंग सीटखाली, टूलबॉक्सच्या आत आणि डॅशबोर्डच्या मागे जिवंत राहते, उन्हात राहिलेल्या बोनेटवरून जुळवाल तर चुकीचा लागेल.

संत्रावाला_वरुड :
अपडेट. सहाव्या दिवशी संध्याकाळी हललं!!! मी पाना ओढला आणि एकदम सैल झाला, मला वाटलं पाना सटकला. नोझलच्या भोकातून तांबडं पाणी भिंतीपर्यंत उडालं, नशीब तोंड बाजूला होतं. एक्झॉस्ट वॉल्व खरंच अडकला होता, रॉकेल आणि हलक्या हाताने ठोकून मोकळा झाला, पुश रॉड सरळ निघाला.

दुसरं, सिलेंडरवरचं पत्र्याचं कव्हर काढलं तर फिनांमध्ये (सिलेंडर थंड ठेवणाऱ्या पात्यांमध्ये) उंदराचं पूर्ण घर, कापूस, तुरीचा भुसा, माझ्या लहानपणीचा एक मोजासुद्धा. हे न काढता सुरू केलं असतं तर? आपल्याकडे मे मध्ये ४५ च्या वर जाते, एअरकूल तापत नाही का असं खूप जण विचारतात.

नोझलवाला_काटोल :
अर्ध्या तासात पिस्टन पकडलं असतं. एअरकूलला रेडिएटर नाही, फिना आणि ब्लोअरची हवा हेच त्याचं पाणी. फिना साफ आणि पत्र्याचं कव्हर जागेवर असेल तर आपल्या ऊन्हातही चालते, लोक कव्हर काढून ठेवतात 'हवा लागू दे' म्हणून, ते उलटं आहे, कव्हर काढलं की ब्लोअरची हवा फिनांकडे न जाता बाहेर पळते. टाकी उतरवून आत थोडी बारीक गिट्टी आणि डिझेल टाकून खळखळवा, तीन-चार वेळा, गंज निघून येते. डिझेलचे दोन्ही फिल्टर नवीन टाका, मग डिझेलच्या लाइनमध्ये अडकलेली एअर काढा, आधी फिल्टरच्या स्क्रूवर, मग पंपावर, शेवटी नोझलच्या पाइपवर. बुडबुडे बंद होऊन सलग डिझेल आलं की आवळा.

संत्रावाला_वरुड :
मंडळी काल भयंकर झालं. हात अजून थरथरून राहिले.

ऑइल बदललं, फिल्टर बदलले, एअर काढली, सेल्फ मारला आणि तिसऱ्या वेळेला लागलं. आई बाहेर आली रडायला लागली, मी पण. आणि दहा सेकंदात आवाज चढत गेला, चढतच गेला, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण कमी होतं तरी, काळा धूर, कोठ्याची टिनं थडथडायला लागली. स्टॉपची तार ओढली तर काहीच फरक नाही. मी तर पळालोच खरं सांगायचं तर, चुलतभावाने ओलं पोतं दुमडून एअर क्लिनरच्या तोंडावर दाबलं तेव्हा घुटमळून बंद पडलं. हे काय होतं? ऑइलची लेव्हल बरोबर होती, दोनदा पाहिली.

पाटाखाली_उंदीर :
तुमच्या भावाले पोळ्याले नवीन कपडे घ्या 🙏

नोझलवाला_काटोल :
भावाने बरोबर केलं. हवा बंद केली की कुठलंही डिझेल इंजिन मरते, फक्त हाताचा तळवा कधीच लावायचा नाही, ओढून घेते. पुढच्या वेळेस एक जण फळी घेऊन एअर क्लिनरपाशी उभा आणि नोझलच्या पाइपला पाना आधीच लावून ठेवलेला, पाइप सैल केला की डिझेल तुटते, असंच सुरू करायचं. माझी चूक, हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं.

स्टॉप ओढूनही बंद नाही झालं याची दोन कारणं असू शकतात. एक, पंपाची रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) फुल डिझेलवर अडकली आहे, ११ वर्षांच्या जुन्या डिझेलचा चिकटा. दोन, इंजिनला पंपाशिवाय दुसरीकडून खायला मिळून राहिलं. एअर क्लिनरच्या ऑइल बाथमध्ये (धूळ धरणाऱ्या ऑइलच्या वाटीत) ऑइल किती टाकलं?

ओळखायची सोपी रीत, स्टॉप ओढून बांधून ठेवा, नोझलचा पाइप सैल करा, सेल्फ मारा. पाइपमधून डिझेल आलं तर रॅक अडकली. नाही आलं तर ऑइल पिऊन राहिला.

संत्रावाला_वरुड :
ऑइल बाथ... तुडुंब भरला होता. मला वाटलं जास्त ऑइल म्हणजे जास्त धूळ धरेल. आत खूण आहे हे आता दिसलं, तिच्या दोन बोटं वर होतं. पण तुम्ही सांगितली तशी टेस्ट पण केली, स्टॉप ओढलेला असताना डिझेल चांगलं धो धो आलं. म्हणजे दोन्ही?

नोझलवाला_काटोल :
दोन्ही. पण मेन आरोपी रॅक. ऑइल खुणेपर्यंत करा. पंप स्वतः खोलू नका, आतला एलिमेंट (दट्ट्या) आणि बॅरल (त्याची नळी) जोडीने घासलेले असतात, घरी खोलून धुळीत ठेवलं की गेलं. अमरावतीला नाहीतर नागपूरला पंपाच्या लॅबवाल्याकडे द्या, नोझलही सोबत द्या प्रेशर चेक करायला. काढताना पंपाखालचे शिम (पातळ पत्रे) जितके निघतील तितके मोजून तसेच परत टाका, डिझेल कधी फवारायचं ते टायमिंग त्यावर आहे.

आरटीओ_दमलेला :
इंजिन होत राहील, कागद कोणाच्या नावावर आहे? वडिलांच्या असतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, आणि १५ वर्षं कधीच उलटली म्हणून आरसी रिन्यूला फॉर्म २५, गाडी दाखवायला न्यावी लागते. इन्शुरन्स काढल्याशिवाय रोडवर नका आणू, वावरात ठीक आहे.

संत्रावाला_वरुड :
पंप परत आला. शिम तीन होते, तीनच टाकले, आईने डब्बीत ठेवले होते नाहीतर हरवलेच असते. आज पहाटे फळी, पाना, भाऊ सगळी तयारी करून सेल्फ मारला. पहिल्याच वेळी लागला, थोडा पांढरा धूर, मग साफ. स्टॉप ओढला, बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. सात-आठ वेळा उगाचच केलं.

मग गिअर टाकायला गेलो तर करकर, क्लच प्लेट चिकटलेली. इथेच दुसऱ्या धाग्यात वाचलं होतं तसं पॅडल दाबून त्याच्या आणि सीटच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून ठेवला रात्रभर, नाही सुटली. मग मोकळ्या वावरात नेऊन (ढकलत, सहा जण) वरच्या गिअरमध्येच सुरू केला, चालता चालता क्लच पूर्ण दाबून ब्रेक मारला, चौथ्या वेळेला फट् करून सुटली. समोर ५० मीटर काही नसेल तरच करा, सुरू होताच उडी मारतो.

रंग सध्या नाही. मडगार्डवर बाबांनी स्वतःच्या हाताने माझं नाव लिहिलंय, ऑइलपेंटने, वेलांटी चुकलेली. मडगार्ड_५९ भाऊ, तेवढं सोडून बाकी रंगवता येते का ते सांगा.

मडगार्ड_५९ :
येते. त्यावर आधी मेणाचा हात, वर कागद आणि टेप, मग बाकी मारा. वेलांटी तशीच राहू द्या.

संत्रावाला_वरुड :
जमलं तर पोळ्याला बैलांच्या जागी यालाच उभा करतो. आता फक्त एकच, मागच्या लिफ्टचं (अवजार उचलते ती) तेल काढलं तर ताकासारखं पांढरं निघालं, दोनदा बदललं, आता उचलते बरोबर पण वखर वर धरून ठेवला की दहा मिनिटांत हळूहळू खाली बसते. त्याचा वेगळा धागा काढतो उद्या, नोझलवाले दादा तिकडे या.