आजीच्या रेकॉर्डिंगमध्ये कोण बोलतंय ते कसं लिहायचं?

गवतीचहा: गणपतीत आजी, तिच्या दोन बहिणी आणि माझी आई यांच्या गप्पा मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. साडेतीन तास! आता उतरवतेय. व्हिस्परने (बोलणं ऐकून मजकूर लिहिणारा एआय) मजकूर बरा काढून दिला, पण कोण बोललं ते तो सांगत नाही. बहिणींचे आवाज सारखे, त्यात एकीचं वाक्य दुसरी पुरं करते. 'आजी', 'मावशीआजी', 'मावशीआजी' असं लिहून माझाच गोंधळ होतोय.

तळटीप: आधी नाती काढून टाका. तुमची आजी ती तुमच्या आईची आई आणि बहिणींची अक्का. उद्या तुमच्या भाचीने वाचलं तर तिने काय समजायचं? नावाची दोन अक्षरं घ्या, नातं आणि गाव फाइलच्या डोक्यावर एकदाच लिहा.

खिडकीपाशी: ईलान हे रेकॉर्डिंग ऐकत मजकूर लिहायचं सॉफ्टवेअर वापरून बघा. नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या माक्स प्लांक संस्थेचं आहे, फुकट आहे. प्रत्येकीला वेगळी पट्टी देता येते, त्यामुळे दोघी एकदम बोलल्या तरी कुणाचं वाक्य कापावं लागत नाही. आवाज आपोआप वेगळे करणारं पायअॅनोटही आहे, पण मध्ये ठेवलेला एकच फोन आणि सारखे आवाज असले की नुसत्या 'हं' आणि 'हो ना' कुणाच्याही नावावर जातात.

रानमेवा: क्रियापदावरून ओळखा की. 'गेले' म्हणजे बाई, 'गेलो' म्हणजे पुरुष.

गवतीचहा: अहो, चौघीही बायकाच आहेत!

पंचगंगाकाठ: आणि आमच्या कोल्हापूरकडं बायकाबी 'मी आलो' म्हणत्यात. त्यापेक्षा हाका ऐका. 'अक्का' म्हणणारी अक्का नसती, 'अगं आई' म्हणणारी तुमची आईच.

तळटीप: हे भारी. अजून एक, आजी सासूची नक्कल करते तिथे सासूचं नाव लावू नका. बोलणारी आजीच, सासूचे शब्द अवतरणात. मी मामाच्या टेपा उतरवताना हीच चूक केली आणि वारलेले आजोबा १९९८च्या गप्पांत बोलायला लागले.

खिडकीपाशी: खात्री नसेल तिथे अंदाजाने नाव ठोकू नका, प्रश्नचिन्ह आणि वेळ लिहा. मग तेवढेच तुकडे आजीला ऐकवा.

गवतीचहा: ऐकवले. विहिरीत कळशी पडल्याचा किस्सा आजी म्हणते मी सांगितला, धाकटी फोनवर म्हणते मी. दोघी आता बोलत नाहीयेत. तिथे दोन्ही नावं आणि प्रश्नचिन्ह टाकलंय.