मदत हवी आहे : घरी केलेलं ईझल ब्रश टेकवला की डुलतं

रंगवेडा_७
काल दिवसभर खपून ईझल, म्हणजे कॅनव्हास उभा ठेवायचा स्टँड, बनवलं. उभं राहतं, दिसतंही झकास. पण ब्रश टेकवला की कॅनव्हास नंदीबैलासारखी मान हलवतो. वर मागचा पाय सरकत जातो तो वेगळाच. परवा चित्र द्यायचंय, निम्मंही झालेलं नाही. पटकन उपाय सांगा. विकत घ्या म्हणू नका, ते मलाही सुचलं होतं.

करवतकर
पट्टीची जाडी किती? जोड खिळ्यांचे की बोल्टचे? कॅनव्हास केवढा? फोटो टाका.

रंगवेडा_७
नेहमीचंच आहे हो, तीन पायांचं. फोटो चढत नाहीये.

उंटावरचा_शहाणा
लाकडाच्या नादी लागलातच कशाला? पीव्हीसी पाईप आणा, टी आणि एल्बो जोडा, तासाभरात काम. ना रंधा, ना भुसा. माझं सहा वर्षं उभं आहे.

करवतकर
पाईप वाकतो. मोठा कॅनव्हास लावून जाड रंग घासून बघा.

उंटावरचा_शहाणा
खालच्या पाईपांत वाळू भरायची. हूं की चूं करत नाही.

करवतकर
त्यांना परवा चित्र द्यायचंय आणि तुम्ही वाळू चाळायला बसवताय.

सांजसावली
जलरंग असतील तर ईझल लागतच नाही. उभ्या कागदावर ओघळ येतात. टेबलावर बोर्ड ठेवून मागच्या कडेखाली एक जाड पुस्तक सरकवायचं, तेवढा उतार पुरतो. पेस्टलला मात्र कागद किंचित पुढे झुकलेला हवा, म्हणजे भुकटी चित्रावर न बसता खाली पडते.

रंगवेडा_७
अ‍ॅक्रिलिक आहे. कॅनव्हास म्हटलं ना वर.

सांजसावली
कॅनव्हासवर जलरंग करणारेही असतात. असो.

जुनी_वही
अवांतर : डच भाषेत 'एझेल' म्हणजे गाढव, त्यावरून ईझल. ओझं वाहतं म्हणून. फ्रेंचमध्ये 'शव्हाले', म्हणजे छोटा घोडा. आपली घोडी तीच की! तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात तीही घोडीच. मग आपण 'चित्रघोडी' का म्हणू नये?

निवांत
तीन पाय म्हटल्यावर तिकटी किंवा तिवई. घोडीला चार असतात.

जुनी_वही
तंबोऱ्याच्या घोडीला किती असतात ते बघून सांगा.

रंगवेडा_७
अहो, माझं ईझल! बरं, घ्या मापं. पट्ट्या दोन बाय एक इंची, साडेपाच फूट. पुढचे दोन पाय वर एका बोल्टने जोडलेत. मागचा पाय एका बिजागरीवर. कॅनव्हास तीन बाय चार फूट, पायांतल्या दोन खुंट्यांवर ठेवलाय. खाली गुळगुळीत फरशी.

करवतकर
पुढच्या पायांना जोडणारी आडवी पट्टी?

रंगवेडा_७
नाही. गरज वाटली नाही.

करवतकर
इथेच घोडं अडलंय (जुनी_वही, खूश?). इंग्रजी ए काढलात आणि मधली रेघ विसरलात. एका बोल्टवर दोन पाय म्हणजे कात्रीच, ब्रशचा दाब आला की उघडमीट करणार. जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर मागच्या अंगाने आडवी पट्टी मारा, दोन्ही टोकांना दोन-दोन स्क्रू. एकच मारलात तर तोही बोल्टसारखा फिरेल. आधी भोक पाडून घ्या, 4 मिमीच्या स्क्रूला 3 मिमीचं. नाहीतर इंचभर जाडीची पट्टी टोकाशी उभी चिरते.
सरकण्याचा इलाज वेगळा. आडव्या पट्टीच्या मध्यापासून मागच्या पायाला दोरी बांधा. दोनेक फुटांवर ताणली गेली पाहिजे. पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे.

मूकवाचक२
मुलांसाठी हवं असेल तर मागच्या बाजूला फळ्याचा काळा रंग मारा. माझ्या मुलीला फार आवडलं.

रंगवेडा_७
दोरी बांधली, सरकणं गेलं! पट्टीही लावली. पण बिजागरीचा एक स्क्रू नुसताच गोल फिरतोय.

करवतकर
कुठे मारलाय? पट्टीच्या टोकाच्या तोंडात?

रंगवेडा_७
हो, तिथेच सपाट जागा होती.

करवतकर
तिथे लाकडाचे रेषे उभे असतात, स्क्रू धरत नाही. बिजागरी पट्टीच्या रुंद बाजूवर घ्या.

उंटावरचा_शहाणा
इतका खटाटोप नको. काडेपेटीच्या दोन काड्या, गुल काढून, गोंदात बुडवून भोकात ठोका. वाळल्यावर तोच स्क्रू घट्ट बसतो.

करवतकर
रुंद बाजूच्या भोकाला ते ठीक. टोकाला चार दिवसांत पुन्हा सुटेल.

रंगवेडा_७
काड्या भरल्या, बिजागरी हलवायला वेळ नाही. डावीउजवीकडे आता अजिबात हलत नाही. कॅनव्हासचं वरचं टोक मात्र अजून डुलतंय.

करवतकर
वर कशाने धरलंय?

रंगवेडा_७
धरलेलं नाही. टेकवलंय. ते पण धरायचं असतं का?

करवतकर
अहो! चार फुटांचा कॅनव्हास दोन खुंट्यांवर नुसता टेकवून त्यावर ब्रश चालवताय? कॅनव्हासच्या वरच्या कडेवर एक ठोकळा चेपून बसवा, मागून बोल्ट आणि विंग नट (हाताने आवळायचा, दोन पंखांचा).

रंगवेडा_७
विंग नट नाही. ठोकळा सुतळीने आवळून बांधलाय. चालेल?

करवतकर
परवापर्यंत चालेल. फार वर हात जाईल तेव्हा डाव्या हाताने चौकट धरा.

जुनी_वही
तंबोरा बघितला. पाय तीन नाहीत, एवढं नक्की.