शीड नुकतंच शिकतेय: पोर्ट टाउनसेंडच्या लाकडी बोटींच्या उत्सवात काय करू?

निळाई:
नमस्कार मंडळी. आम्ही सिअ‍ॅटलजवळ बेलव्ह्यूला राहतो. या उन्हाळ्यात लेक युनियनवर शिडाच्या बोटीचा पहिला कोर्स केला. टॅक (बोटीचं तोंड वाऱ्यातून फिरवून वळणं) जमतो, जाइबला (वारा पाठीवर घेऊन वळायला) अजून धडधडतं. लेबर डेनंतरच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या) शनिवार-रविवारी पोर्ट टाउनसेंडला वुडन बोट फेस्टिव्हल असतो, तिथे जायचं ठरवलंय. सोबत बाबा आहेत, देवगडहून आलेत, वय ७१. त्यांच्या लहानपणी घरामागे मचवे बांधत, त्यामुळे उत्साह माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त.
राहायचं कुठे? नवशिक्या माणसाला बोटीवर काही करायला मिळतं की नुसतं बघायचं? आणि एखादी छोटी बोट भाड्याने घेऊन पॉइंट विल्सनच्या दीपगृहापर्यंत बाबांना मीच फिरवून आणू का?

केळशीकर:
गावात आता खोली मिळणं कठीण. पोल्सबोला बघा, गाडीने पाऊण तास. सिअ‍ॅटलहून बेनब्रिज बेटाची फेरीबोट ३५ मिनिटांची, पुढे हूड कॅनालचा तरंगता पूल. नौदलाची पाणबुडी जायची असली की तो पूल उघडतात आणि गाड्या खोळंबतात, तेव्हा तासभर हाताशी ठेवा. गाडी गावाबाहेर हेन्स प्लेसला लावून बसने आत जा.

वारंसुकाणू:
निळाई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नका नेऊ.
पुजेट साउंडचं, म्हणजे सिअ‍ॅटलसमोरच्या खाडीचं, बहुतेक पाणी भरती-ओहोटीला अ‍ॅडमिरल्टी इनलेट या सामुद्रधुनीतूनच आत-बाहेर करतं आणि पॉइंट विल्सन त्याच्या तोंडाशी आहे. शिकायला लागून दुसरं वर्ष होतं तेव्हा मित्राची बोट घेऊन मी पश्चिमेकडून पोर्ट टाउनसेंडच्या खाडीत परतत होतो. वारा पाठीवर, शिडं टच्च भरलेली, बोटीच्या पुढच्या टोकाखाली पाणी खळखळतंय. वेगात चाललोय अशी खात्री होती. मग उजवीकडे पाहिलं तर दीपगृह जागचं हललेलंच नाही. ओहोटी आम्हाला तितक्याच जोराने मागे ओढत होती. पाऊण तास ते तिथंच, शेवटी इंजिन लावलं. त्यात प्रवाहाच्या उलट वारा असला की लाटा आखूड आणि उभ्या होतात. पाणी सप्टेंबरातही १०-१२ अंशांचं, पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासच ताब्यात राहत नाही. तलावावर भरती-ओहोटी नसते, त्यामुळे हे कोर्समध्ये अंगवळणी पडत नाही. तुमच्यात काही कमी आहे म्हणून सांगत नाही. पुढच्या वर्षी भरती-ओहोटीचे तक्ते वाचायला शिका आणि जरूर जा.
आता काय करायचं ते. अ‍ॅडव्हेंचरेस या स्कूनरवर (दोन डोलकाठ्यांच्या शिडाच्या जहाजावर) सफरीची तिकिटं वेगळी मिळतात, ती आजच बघा. १९१३ साली अमेरिकेच्या मेन राज्यात बांधलेली, १३३ फुटी. तिचं मोठं शीड प्रवाशांनीच ओढून चढवायचं असतं. दोन रांगा, दोन दोर. दोर मुठीत आवळू नका, अंगाचा भार मागे टाका आणि हुकूम देणाऱ्याकडे कान ठेवा. कोर्समध्ये दोर एकटीने ओढला असेल, पंधरावीस जणांसोबत ओढताना शिडाचं वजन काय असतं ते कळतं. माझ्या मते अख्ख्या उत्सवात नवशिक्यासाठी याहून मोलाचं काही नाही. व्याख्यानं चुकली तरी चालतील, हे चुकवू नका.
बाकी वेळ धक्क्यावर घालवा. शेकडो बोटी असतात आणि बहुतेकींवर मालक स्वतः बसलेला. आधी विचारा, सांगितलं तर बूट काढा, मग चढा. ‘किती वर्षांची?’ हे त्यांना सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, ‘या वर्षी काय दुरुस्त केलंत?’ माणूस तळाची फळी उचलून दाखवायला लागतो.

मीठागर:
वारंसुकाणूंशी सहमत, फक्त काका ७१ वर्षांचे आहेत. स्कूनरवर त्यांना दोर ओढायला लावू नका, बसायला जागा मिळते. त्यांना बोटबांधणीची प्रात्यक्षिकं दाखवा. जवळच पोर्ट हॅडलॉकला लाकडी बोटी बांधायला शिकवणारी शाळा आहे, १९८१ पासूनची. रविवारी दुपारी सगळ्या बोटी शिडं लावून एकत्र निघतात. ते पाहायला उत्सवाच्या बंदरापाशी पॉइंट हडसनच्या किनाऱ्यावर आधीच जागा धरा. जाड जाकीट न्याच, सकाळी धुकं असतं.

निळाई:
जाऊन आलो. सगळ्यांचे मनापासून आभार.
शनिवारी अ‍ॅडव्हेंचरेसवर दोर ओढला. आधी मूठच आवळली, मागच्या बाईंनी हाताची पकड नीट करून दिली. शीड वर गेलं आणि वारा भरला तेव्हा दोर हातात थरथरला. तो थरथराट तलावावर कधी जाणवला नव्हता.
बाबा रविवारी एका कारागिरापाशी दीड तास उभे होते. तो फळ्यांच्या फटीत कापसाची वात ठोकून बसवत होता. इंग्रजी दोघांनाही पुरत नव्हतं. बाबा म्हणाले, “आमच्याकडेही कापूसच,” आणि हाताने ठोके दाखवले. त्याने मोगरी त्यांच्या हातात दिली. बाबांनी चार ठोके घातले आणि आवाज ऐकायला कान जवळ नेला. वात नीट बसली की ठोक्याचा आवाज बदलतो, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मला मात्र त्यांनी ते आजवर कधीच सांगितलं नव्हतं.
दीपगृह किनाऱ्यावरूनच पाहिलं. समोर ओहोटीचं पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. वारंसुकाणू, भरतीचे तक्ते वाचायला कुठून सुरुवात करू? बाबा नोव्हेंबरपर्यंत आहेत, दोघं मिळून शिकू म्हणतोय.