आईचे बाग प्रिंटचे जुने पडदे, त्यांचे कुर्ते शिवता येतील का?

जुनंघर_रामबाग

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. रामबागेतलं आमचं माहेरचं घर पुढच्या महिन्यात रिकामं करायचंय, भाऊ फ्लॅटमध्ये जातोय, आणि आवराआवरीत पुढच्या खोलीचे सहा पडदे माझ्या वाट्याला आलेत. बाग प्रिंटचे आहेत, म्हणजे धार जिल्ह्यातल्या बाग गावच्या ठशांच्या छपाईचे, पांढऱ्यावर लाल-काळे बुट्टे, चांगलं जाड सुती कापड. आईनं १९९८ मध्ये मृगनयनी ह्या सरकारी एम्पोरियममधून कापड घेतलं होतं आणि घरच्या पायमशीनवर स्वतः शिवले होते. आई जाऊन तीन वर्षं झाली. सहाही पडदे मी घडी करून पलंगावर ठेवलेत आणि चार दिवस झाले नुसती बघतेय.

मनात असं आहे की ह्याचे तीन कुर्ते शिवायचे, एक माझा, एक धाकट्या बहिणीचा, एक वहिनीचा, आणि भावाच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला तिघींनी तेच घालायचे. मी शिवणाचा क्लास केलाय पण वीस वर्षांपूर्वी, आता फक्त फॉल-पिको आणि मुलीचे कपडे आत घेणं एवढंच चालतं.

अडचण अशी की पडदे कायम चुण्या पडलेले लटकायचे त्यामुळे चुणीचा जो भाग बाहेर होता तो उन्हानं फिकट झालाय, म्हणजे साधारण दर वीतभर अंतरावर दोन-तीन बोटांचा उभा फिकट पट्टा आहे, वरपासून खालपर्यंत. काल एका पडद्याची खालची दुमड उसवली तर आतला लाल रंग इतका गडद निघाला की मी बघतच राहिले, आम्ही लहानपणी पडद्यामागे लपायचो तेव्हा हाच लाल होता. एका टेलरकडे घेऊन गेले तर त्यानं कापड हातात न घेताच सांगितलं की पडद्याचे कपडे पडद्यासारखेच दिसतात, नवं कापड घ्या. खूप लागलं मनाला. आता स्वतःच शिवायचं ठरवलंय.

प्रत्येक पडदा ४८ इंच रुंद आणि वरची रिंगांची पट्टी काढली, खालची दुमड सोडली की ८२ इंच लांब भरतो. फिकट पट्ट्यांचं काय करू? आणि एका कोपऱ्यावर टीप मारून बघितली तर सुई मोडली, दोनदा. कोणी केलंय का असं काही?

सूत_आणि_गिरणी

ताई, टेलरचं मनाला लावून घेऊ नका. माझे आजोबा इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते, घरात लठ्ठ्याचे पडदे, लठ्ठ्याच्या उशा, सगळं मिलचंच. १९९१ च्या शेवटी मिल बंद पडली, पगार थांबले, तेव्हा आजीनं एकेक पडदा उतरवून आम्हा पोरांचे पायजमे शिवले. मी ते घालून शाळेत गेलोय, कुणाला कळलं पण नाही. शिवणातलं मला कळत नाही पण तुम्ही शिवाच.

सोळा_नंबर_सुई

जुनंघर ताई, मी सुदामा नगरला राहते, तीस वर्षं घरी शिवण करतेय, ह्या प्रश्नावर मला जरा सविस्तर लिहावंसं वाटतंय.

कात्री लावायच्या आधी कापडात जीव किती आहे ते बघा. ऊन फक्त रंग नेत नाही, सूतही कमजोर करतं. दोन्ही हातांचे अंगठे एकमेकांजवळ ठेवून कापड आडवं ताणा, मग उभं ताणा. बारीक चर्र आवाज आला किंवा धागे सरकलेले दिसले तर तो भाग अंगावर घालायला नको, बसलं-उठलं की पाठीत फाटेल. प्रत्येक पडद्यावर आठ-दहा ठिकाणी बघा, फिकट पट्ट्यावर जास्त.

आणि तुमच्या बाबतीत अजून एक गोष्ट. बाग प्रिंटमध्ये लाल रंग तुरटीच्या छापावर येतो आणि काळा लोखंडाच्या गंजापासून, नंतर कापड धायटीच्या फुलांबरोबर मोठ्या तांब्याच्या कढयांमध्ये उकळतात तेव्हा रंग खुलतो. लोखंडाचा काळा रंग वर्षानुवर्षं हळूहळू सूत खातो. जुन्या छापील कापडात आधी काळ्या रेघाच विरतात, लाल तसाच उभा असतो. म्हणून ताणून बघाल ते काळ्या बुट्ट्यावर मुद्दाम बघा, आणि कापड उजेडासमोर धरा, काळ्या रेघेतून उजेड टोचल्यासारखा येत असेल तर तिथे सूत गेलंय.

आता पट्ट्यांचं. सरळ दोन पाटांचा कुर्ता बेतलात तर फिकट पट्टे पोटावरून उभे दिसतील आणि तो टेलर खरा ठरेल. कळ्यांचा कुर्ता बेता. कळी म्हणजे अरुंद तुकडा, तुमचा चांगला भाग वीतभर, म्हणजे ९ इंच रुंद आहेच, तेच कळीचं माप. फिकट पट्टा कापून बाजूला काढायचा किंवा जोडाच्या मार्जिनमध्ये दाबून टाकायचा. छाती ३८ धरली तर ढिलाईसकट ४२, म्हणजे पुढे २१ मागे २१. पुढे मध्ये ८ इंचांचे दोन उभे तुकडे, जोडून तयार १४. दोन्ही बाजूंना बगलेपासून खाली एकेक कळी, वर साडेचार इंच खाली ९ इंच कापायची, शिवल्यावर वर साडेतीन उरते. १४ आणि दोन वेळा साडेतीन, झाले २१. मागे पण अगदी तसंच. घेर ६० इंच येतो, चालायला मोकळा. उंची ४२ धरली तर मधला तुकडा ४४ कापा आणि कळी ३५, एका पट्टीत एकाखाली एक दोन्ही बसतात, ७९ इंच, तुमच्याकडे ८२ आहेत. म्हणजे एका पडद्याच्या चार पट्ट्यांत एका कुर्त्याचं सगळं अंग निघतं.

एक मात्र सांभाळा. कळ्या कापताना आपण कापड वाचवायला एक सुलट एक उलट लावतो. तुमच्या बुट्ट्याला देठ असेल तर तसं करू नका, अर्ध्या कळ्यांवर फुलं डोक्यावर उभी दिसतील. सगळे देठ खालीच.

बाह्यांसाठी चौथा पडदा ठेवा, एका पट्टीत ८ बाय १९ चे चार तुकडे निघतात, दोन-दोन जोडून दोन बाह्या होतात, तिन्ही कुर्त्यांच्या तीन पट्ट्या लागतील, चौथी गळ्याच्या पट्ट्यांना. गळ्याची पट्टी उरेब, म्हणजे तिरकीच कापा, सरळ कापली तर जाड कापडात गळा वर उचलला जातो. म्हणजे सहातले चार पडदे धड निघाले तरी तुमचं काम झालं.

सुईचं: १६ नंबरची लावा, टाका थोडा लांब करा. जिथे चार पदर येतात तिथे आधी हातोडीनं हलकं ठोकून शिवण चपटी करा, आणि त्या जागी पायानं मशीन न चालवता हातानं चाक फिरवत दोन-तीन टाके घ्या. कोपऱ्यावर दुमडीवर दुमड आली असणार, सुई तिथेच मोडते.

मिठाच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो असं कोणी सांगेल, तसं काही होत नाही, छापलेला रंग तेव्हाच पक्का झालेला असतो. साध्या पाण्यात दोन-तीनदा धुवा, पाणी स्वच्छ आलं की पुरे, आणि सावलीत वाळवा. एवढ्या वर्षांत पडदे जेवढे आटायचे तेवढे आटलेत, पण अस्तर नवं घ्याल ते मात्र रात्रभर भिजवून, वाळवून मगच कापा, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि कुर्ता आतून ओढला जाऊन चुरगळतो. अस्तर मलमलचं घ्या, फक्त पुढच्या-मागच्या पाटाला, बाह्यांना नको, आपल्याकडच्या मे महिन्यात नकोसं होतं.

बडोद्याची_बाल्कनी

वर ताईंनी इतकं नीट लिहिलंय की मी फक्त थोडी भर घालते, दुसऱ्या कोणी हे वाचून घरचे पडदे काढायला घेतले तर उपयोगी पडेल. सगळेच पडदे कपड्याच्या लायकीचे नसतात. मी इथे बडोद्यात भाड्याच्या घरातल्या पडद्यांचा मुलीला घागरा शिवला, दिसला इतका सुंदर, नवरात्रात गरब्याला घातला आणि अर्ध्या तासात पोरगी घामानं भिजून रडायला लागली, पॉलिएस्टर होतं. तेव्हापासून मी कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघते, सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरली जाते, पॉलिएस्टर वितळतं आणि कडक काळा मणी राहतो. मणी आला की त्याच्या पिशव्या शिवा, सोफ्याची कव्हरं शिवा, लेकरांच्या अंगावर घालू नका. आणि ज्या पडद्यांना मागून रबरासारखा पांढरा थर असतो, उन्ह अडवायला, त्याला तर हातच लावू नका, हवा जात नाही आणि थोड्या दिवसांनी थराचे पापुद्रे पडतात.

आणि जुनंघर ताई, आईच्या कापडावर डायरेक्ट कात्री नको. घरातल्या जुन्या चादरीचा एक कुर्ता त्याच मापानं आधी शिवा, नुसत्या कच्च्या टाक्यांनी. बगलेत ओढतंय की नाही, बसल्यावर पोटाशी घेर पुरतो की नाही, सगळं तिथेच कळतं. चादर गेली तर दुसरी मिळते.

जुनंघर_रामबाग

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. चार दिवस तुम्ही सांगितलं तसंच करतेय.

सगळे पडदे खिडकीसमोर धरून बघितले. सोळा नंबर ताई, तुम्ही काळ्या रेघेचं लिहिलं नसतं तर मी फसलेच असते. चार पडदे छान आहेत, पण पश्चिमेच्या खिडकीवरचे दोन, त्यांच्यात प्रत्येक काळ्या पानाच्या कडेनं बारीक उजेड येतो, टाचणीनं टोचत नेल्यासारखा. एका पानाला नुसतं बोट लावलं तर पान तेवढंच सुटून हातात आलं, आजूबाजूचं लाल आणि पांढरं तसंच घट्ट. हातात ते पान घेऊन मी बराच वेळ बसले होते.

चादरीचा कुर्ता शिवला. बगलेत ओढत होता, तिथे चौबगला घातला, तीन इंचांचा चौकोनी तुकडा, आता हात वर केला तरी ओढत नाही. सुई १६ नंबरची लावल्यापासून एकही मोडली नाही. राजवाड्याजवळून क्लॉथ मार्केटमधून साडेसात मीटर मलमल आणली, ती काल रात्री भिजवलीय.

बुट्ट्याला देठ आहे, सगळे खाली ठेवतेय. पहिला पडदा आज सकाळी कापला. आधी हात थरथरत होता पण आईच्या शिवणीवरच कात्री धरली, तिचे टाके इतके सरळ आहेत की खडूची रेघ मारायची गरज पडली नाही.

एकच विचारायचंय, ते दोन विरलेले पडदे टाकवत नाहीत. त्यांचं काही होईल का?

सोळा_नंबर_सुई

टाकू नका. अंगावर घालायला नाहीत पण गोधडीच्या मधल्या थराला चालतील, तिथे ताण येत नाही. वरून-खालून आईच्याच एखाद्या मऊ झालेल्या सुती साडीचे पदर घ्या, मध्ये हे दोन, आणि हातानं धावदोरा घाला, मशीनवर नको, मशीनच्या टाक्यानं विरलेलं सूत लगेच कापलं जातं. टाक्यांच्या ओळी बोटभर अंतरावर घाला, लांब ठेवल्या तर धुताना आतलं कापड गोळा होतं. आणि धुवायच्या वेळी पिळायची नाही, टबात दाबून पाणी काढायचं आणि दोन खुर्च्यांवर आडवी पसरायची.

अगदी मधोमध जिथे उजेड फार येत होता तो भाग आधी कापून काढा, भोकं वाढत जातात. आणि सुटून आलेलं ते पान कुठे जपून ठेवलंत? वहिनींच्या कुर्त्याच्या आत, अस्तरावर मानेपाशी चार टाक्यांनी लावता येईल, वरून पातळ मलमलचा तुकडा टाकून.

जुनंघर_रामबाग

पान डब्यात आहे, आईच्या बटणांच्या. बहिणीला फोन करून विचारलं, ती म्हणते पान वहिनीच्याच कुर्त्याला लाव, ह्या घरात आई गेल्यावर पडदे धुवून परत लावायचं काम तिनंच केलंय. आज मलमल वाळली की अस्तर कापायला घेते.